चिकडी मोठी की पांढरा

गिडियन दारातून आत शिरला की आधी दार अंधारायचं, मग तो दिसायचा. असा देह गावात दुसऱ्या कुणाचा नव्हता. आवाजही तसाच, नदीच्या या काठावर बोलला तर पलीकडच्या काठावरची कुत्री उठून बसायची. बायको फार वर्षांपूर्वी दक्षिणेकडच्या शहरात बहिणीकडे म्हणून गेली ती परत आलीच नाही, आणि त्यानेही आणायला जायचं मनावर घेतलं नाही. जेवायला तो थोरल्या भावाकडे असायचा. ईनक आणि तबिथाच्या घरात त्याची खुर्ची ठरलेली होती, आणि ती दोनदा मोडून दोनदा सांधलेली होती.

एरवी तो गावाचा गमत्या. पण पानगळ झाली की त्याच्या खांद्यावर रायफल यायची आणि गमत्याचा राखणदार व्हायचा. नदी जिथे उपसागराला मिळते तिथेच गाव असल्यामुळे, समुद्र गोठेपर्यंत अन्नाला मोताद झालेली पांढरी अस्वलं, गावच्या बोलीत नुसते 'पांढरे', याच किनाऱ्यावर येरझाऱ्या घालत असत. बर्फ धरला की ती सीलच्या मागे निघून जायची. तोवर त्यांना वस्तीपासून लांब ठेवायचं काम गिडियनचं. त्या दिवसांत त्याचा शब्द म्हणजे शब्द होता. कुणी कॅरिबू हरणाचं मांस बाहेर टांगलं, कुत्र्यांचं खाणं उघड्यावर टाकलं, की तो नुसता फाटकात येऊन उभा राहायचा, आणि माणसं मुकाट्याने सगळं आत घ्यायची. अपवाद एकाच घराचा.

तबिथा वरच्या अंगाची, म्हणजे नदीच्या वरच्या जंगलातली. ईनकने तिला लग्न करून खाली किनाऱ्यावर आणली तेव्हा ती इतकी लहानखुरी आणि इतकी बडबडी होती, की मिसरूड फुटू लागलेल्या गिडियनने पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "दादा, बायको आणलीस की चिकडी?"

चिकडी म्हणजे जंगलातला एक मूठभर पक्षी. तपकिरी टोपीचा. स्वतःच्या नावाचा घोष करत दिवसभर फांदीफांदीवरून उलटासुलटा लटकत असतो.

नव्या नवरीने मान खाली घातली नाही. ती सासूकडे वळून म्हणाली, "मामी, तुमच्या घरात पांढरा शिरलाय आणि तो खुर्चीवर बसलाय. याला बाहेर कुठं बांधता?"

त्या क्षणापासून त्यांचं जुळलं. आमच्यात दीर-भावजयीने एकमेकांशी सरळ बोलायचंच नसतं. थट्टा करायची, टोमणे मारायचे, वाभाडे काढायचे, आणि त्यातूनच काय ती माया समजून घ्यायची. पण या दोघांनी त्याचा कळस केला. सगळा हिवाळा त्यांचा एकच वाद चालायचा, चिकडी मोठी की पांढरा. जंगलातली माणसं मोठी की किनाऱ्यावरची, असाच त्याचा खरा अर्थ होता, पण तसं कुणी बोलून दाखवत नसे.

"तुझ्या चिकडीचं वजन ते किती," गिडियन तोंडात घास असतानाच सुरू करायचा. "चिमूटभर तंबाखू. पांढरा शिंकला तरी झाडावरून खाली पडेल."

"पडेल आणि पुन्हा वर जाऊन बसेल. तुझा पांढरा उन्हाळ्यात एकदा आडवा झाला की समुद्र गोठेपर्यंत कूस बदलत नाही."

"त्याला बदलायची गरज काय? एका बैठकीत अख्खा सील खाल्लेला असतो त्याने."

"आणि मग बसतो पोटावर हात ठेवून, बर्फ कधी येतो बर्फ कधी येतो करत. माझी चिकडी एकेक बी सालीच्या फटीत लपवते आणि कडाक्याच्या थंडीत नेमकी काढून खाते. जंगलात हजार फटी असतात, एक विसरत नाही. तू काल तुझी टोपी कुठं ठेवलीस, सांग बरं."

टोपी चुलीमागे पडलेली असायची, आणि ती तिथे आहे हे घरात गिडियन सोडून सगळ्यांना ठाऊक असायचं.

"थंडीत ती करते काय पण? पिसं फुगवून थरथरत बसते."

"थंडीत ती आपल्या आतली आग कमी करून घेते. विस्तव राखेखाली झाकतात ना, तशी. सकाळी उन्हं आली की पुन्हा फुंकर. तुझ्या पांढऱ्याला येतं का हे? त्याची आग म्हणजे भसाभस लाकडं टाका, नाहीतर विझली."

मग दोघं ईनककडे निवाड्यासाठी बघायची. ईनक अबोल माणूस. तो कप पुढे करून म्हणायचा, "निवाडा नंतर. आधी चहा द्या कुणीतरी." चाळीस हिवाळे असेच गेले आणि निवाडा झालाच नाही.

मग एका वसंतात रानहंसांच्या शिकारीला गेलेला ईनक आडोशाच्या मागे बसल्या जागी गेला. मांडीवर बंदूक, डोळे आभाळाकडे. गिडियनच त्याला स्लेजवर घालून घरी घेऊन आला.

तबिथाने अख्खा उन्हाळा तोंड उघडलं नाही. गिडियन रोज जेवायला यायचा. ती वाढायची, तो खायचा, आणि भिंतीवरच्या घड्याळाशिवाय कुणी काही बोलत नसे. त्याने टोमणे मारून पाहिले, ते दगडावर पडलेल्या पाण्यासारखे वाहून गेले. शेवटी एके दिवशी सकाळी तो घराच्या मागच्या बाजूला गेला, खिडकीखाली उकिडवा बसला आणि छातीतून त्याने असा काही गुरगुराट काढला की आतली भांडी वाजली असतील. अस्वलांचा आवाज काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. सगळा जन्म त्याने तो आवाज ऐकला होता.

मागचं दार उघडलं. हातात डाव घेतलेली तबिथा उंबरठ्यावर उभी. तिने खाली बघितलं, गुडघ्यांवर हात टेकून बसलेला तो प्रचंड म्हातारा दीर बघितला, आणि तिच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"ये आत, ढेरपोट्या," ती म्हणाली. "चहा झालाय."

ईनक गेल्यानंतरचं तिचं हे पहिलं वाक्य. गिडियन घरी जाऊन रडला. त्यानंतर दोन-तीन दिवसांआड तो खिडकीखाली गुरगुरायचा आणि ती डाव घेऊन बाहेर यायची. त्यांचा वाद पुन्हा सुरू झाला. निवाडा द्यायला मात्र आता कुणी नव्हतं.

त्याच सुमारास तिने घरामागच्या स्प्रूसच्या झाडाला चरबी टांगायला सुरुवात केली. रानहंसाची चरबी वितळवून, तिचा गोळा करून, दोरीला बांधून. जंगलाची कड घरामागेच येऊन थांबलेली होती, त्यामुळे चिकड्या पहिल्याच दिवशी हजर झाल्या. तबिथा खिडकीत बसून त्यांच्याशी बोलायची. जे ती माणसांशी बोलत नव्हती ते सगळं त्यांना सांगायची, असं शेजारणी म्हणत.

त्या वर्षी बर्फ आला नाही. म्हणजे जमिनीवर आला, समुद्रावर आला नाही. पाणी काळंच राहिलं, राखाडी साय धरायची आणि वारा ती मोडून टाकायचा. किनाऱ्यावर अस्वलं वाढत चालली. गिडियन आणि त्याच्या मदतीला दिलेला रूबेन, हा त्याच्या चुलतभावाचा तिशीतला मुलगा, दिवसभर चारचाकी फटफट्यांवरून गावाला फेऱ्या मारत होते. आवाजाची काडतुसं उडवून अस्वलांना हाकलत होते. एक मादी मात्र हाकलली तरी पुन्हा यायची. तिच्या पाठीचा कणा लांबून मोजता येत होता, कातडं अंगावर उसनं घेतल्यासारखं लोंबत होतं.

गिडियन घरोघरी गेला. बाहेर खाण्याचा कणही ठेवू नका, म्हणाला. लोकांनी ऐकलं. मग तो तबिथाच्या दारात आला. येताना त्याने मनाशी ठरवलं होतं की आज हसायचं नाही.

"वहिनी, ती चरबी काढ."

"का? तुला हवीय?"

"थट्टा नाही. मादी फिरतेय एक. उपाशी आहे."

"उपाशी तर तू पण आहेस. तू फिरतोस म्हणून मी गावातल्या चुली बंद करू का?"

"मी खरंच सांगतोय, वहिनी."

"बघा," ती खिडकीतून चिकड्यांकडे वळून म्हणाली, "पांढऱ्याचा वकील आलाय. चाळीस वर्षांत वाद जिंकता आला नाही, आता तुमच्या ताटातलं काढून घ्यायला निघालाय."

त्याने चेहरा गंभीर ठेवायचा फार प्रयत्न केला. पण तिने एक भुवई अशी काही वर उचलली की त्याला हसू फुटलं. अख्ख्या उन्हाळ्याच्या मुकेपणानंतर ती अशी बोलू लागली होती. तो हसला आणि म्हणाला, "ठीक आहे, ठीक आहे. पण मी आलो तर तो गोळा पहिला मी खाणार." आणि फटफटीवर बसून निघून गेला. वाटेत एकदा त्याला वाटलं, मागे फिरावं आणि न विचारता दोरी कापून टाकावी. दिराने भावजयीच्या अंगणात सुरी काढायची, हे त्याला बरं वाटलं नाही. उद्या बघू, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमिनीलगतचा बर्फ उडवत वारा सुटला होता. हातभर पलीकडचं दिसत नव्हतं. गिडियन फेरी संपवून तबिथाच्या घराच्या पुढच्या बाजूला आला तेव्हा त्याला मागच्या दाराचा आवाज आला आणि तिची हाक ऐकू आली.

"ये आत, ढेरपोट्या. चहा झालाय."

आपली फटफटी तिने ऐकली असणार, असं त्याला वाटलं. "आलो," तो ओरडला. त्याने इंजिन बंद केलं, हातमोजे काढून खिशात घातले, दाराशी बूट झाडले. रायफल खांद्यावरच होती. तेवढ्यात मागून डाव पडल्याचा आवाज आला आणि नंतर जो आवाज आला तो माणसाचा होता हे त्याला पळत घराला वळसा घालतानाच कळलं.

मादीने तिला बर्फावर दाबून धरलं होतं. डोकं जबड्यात होतं. गिडियनने गोळी घातली, मादी तबिथाच्या अंगावर कोसळली तशी दुसरी घातली, आणि मग आपल्या उघड्या हातांनी तो मेलेला देह तबिथाच्या अंगावरून ढकलला. कसा, ते त्याला पुढे कधी आठवलं नाही.

ती जिवंत होती. डोक्याची एक बाजू नव्हती म्हणावं अशी झाली होती, डावा खांदा फाटला होता. त्याने तिला उचललं तेव्हा तिचा डोळा त्याच्या चेहऱ्यावर होता.

"मला वाटलं तू आहेस," ती म्हणाली.

दुपारी वारा पडल्यावर विमान आलं आणि तिला घेऊन गेलं.

गावातल्या वडीलधाऱ्यांनी मादीजवळ मानाची तंबाखू ठेवली, चार शब्द बोलले आणि ती गिडियनने सोलावी असं ठरलं, कारण मारली त्याने होती. त्याने आणि रूबेनने तिला नदीकाठी नेऊन उघडली. पोटात समुद्रातलं शेवाळ होतं, गवत होतं, पिसं होती, निळ्या ताडपत्रीचा एक तुकडा होता, आणि दोरीसकट तबिथाचा चरबीचा गोळा होता. बाकी काही नव्हतं. म्हातारीही नव्हती ती. दात चांगले होते.

"काका, हिला गावात दुसरं काही मिळालंच नाही," रूबेन हळूच म्हणाला. "सगळ्यांनी सगळं आत घेतलं होतं."

रूबेन गाडी आणायला गेला तेव्हा गिडियन लाकडावर बसून राहिला. कातडं बाजूला काढलेलं, बरगड्या उघड्या, त्यांवर कुठेकुठे पिवळ्या चरबीचा धागा चिकटून राहिलेला. जंगलाच्या कडेकडून एक चिकडी आली. बरगडीवर बसली, मान वाकडी करून तिने गिडियनकडे बघितलं आणि चरबी टोचायला लागली. मग आणखी एक आली. थोड्या वेळाने पाच-सहा जणी त्या मोठ्या पिंजऱ्यात आतबाहेर करत होत्या, उलट्या लटकत होत्या, एकमेकींशी भांडत होत्या, चोचीत कण घेऊन झाडांकडे जाऊन लपवून परत येत होत्या. पांढऱ्याची हाडं त्यांना फांद्यांसारखीच होती.

गिडियन ते बघत राहिला. चाळीस वर्षांचा निवाडा समोर झाला होता. त्याच्या मनात पहिला विचार आला तो हा, की वहिनीला हे सांगायला हवं. सांगितलं की ती त्याला जन्मभर चिडवत राहणार.

समुद्र त्यानंतर काही दिवसांनी गोठला. अस्वलं निघून गेली.

तबिथा परत आली ती हिवाळा अर्धा उलटल्यावर. एक कान नव्हता, डोक्याला घट्ट रुमाल बांधलेला, डावा हात छातीच्या वर जात नव्हता. शेजारणींनी घर ऊबदार करून ठेवलं होतं. गिडियन दोन दिवस गेला नाही. तिसऱ्या दिवशी गेला. जाताना त्याने सगळं वाक्य पाठ केलं होतं, कसं सुरू करायचं, कुठे थांबायचं, ती काय म्हणेल, मग आपण काय म्हणायचं.

त्याने दार वाजवलं. यापूर्वी त्याने ते कधी वाजवलं नव्हतं.

"कोण?" आतून आवाज आला.

"मी. गिडियन."

मग दार उघडलं आणि ती बाजूला झाली.

"या," ती म्हणाली. "बसा."

गिडियन आपल्या खुर्चीत बसला. तिने चहा ओतला, कप त्याच्या पुढ्यात ठेवला आणि स्वतः चुलीच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.

"वहिनी," तो म्हणाला, "मी हरलो. तुला सांगायचं होतं. आम्ही तिला सोलून ठेवली होती नदीवर, तर तुझ्या चिकड्या आल्या. पांढऱ्याच्या बरगड्यांवर बसून जेवल्या. आत घुसून, घर त्यांचंच असल्यासारख्या. एवढासा जीव, आणि त्याने पांढरा खाल्ला. ईनक असता तर त्यालाही आता निवाडा द्यावाच लागला असता."

तो थांबला. त्याने ठरवलं होतं तिथेच थांबला.

"असं का," ती म्हणाली. "खाऊ देत."

चुलीत लाकूड सरकलं. गिडियनने चहा पिऊन टाकला, जीभ भाजली तरी.

"तुम्हाला एक सांगायचंय," ती म्हणाली. ती खिडकीकडे बघत होती. "मनात धरू नका. तुमची चूक नाही, मला ठाऊक आहे. तुम्ही नसता तर मी नसते. पण तुमचा पाय दाराशी वाजला ना, की मी आधी मागच्या दाराची कडी बघते. आवाज ऐकला की ती मादीच आली असं वाटतं." तिने चांगल्या हाताने रुमालाची गाठ घट्ट केली. "तिकडे दवाखान्यात वाटलं होतं, घरी गेले की जाईल. गेलं नाही."

"मी येणार नाही मग," गिडियन म्हणाला. त्याने तो एवढा आवाज जितका लहान करता येईल तितका केला होता.

"गाव एवढंसं. न येऊन काय होणार? मी डॉर्कसकडे जाते वर."

डॉर्कस म्हणजे तिची धाकटी बहीण. नदीच्या वरच्या अंगाला, जंगलात तिचं घर होतं.

गोठलेल्या नदीवरून जायचं ठरलं. तबिथाला रूबेनच्या स्लेजवर बसवायचं होतं. त्या आठवड्यात नदीवर भुसभुशीत बर्फाचा जाड थर साचला होता आणि पुढे कुणीतरी वाट पाडल्याशिवाय स्लेज जाणं शक्य नव्हतं. वाट पाडण्याइतकं जड गावात कोण होतं हे सगळ्यांना माहीत होतं, आणि बोलायला कुणी तयार नव्हतं. शेवटी तबिथाच म्हणाली, "त्यांना सांगा पुढे राहायला."

तर गिडियन पुढे राहिला. सगळी वाट त्याने आपल्या बर्फगाडीवरून पाडली. जिथे गाडी रुतली तिथे उतरून, पायात बर्फजाळी घालून तुडवत गेला. मागे वळून पाहिलं नाही. चहासाठी थांबले तेव्हा रूबेनने त्याचा कप त्याला पुढे आणून दिला. खुरटी झाडं उंच होत गेली, वारा कमी झाला, आणि दिवस कलायच्या आत जंगल दोन्ही बाजूंनी पूर्ण मिटलं.

डॉर्कस अंगणातच उभी होती. ती मोठ्या बहिणीला मिठी मारून रडली, मग डोळे पुसून गिडियनकडे वळली. तिचंही त्याच्याशी थट्टेचंच नातं.

"पांढरा आला का," ती म्हणाली. "बायांनो, जेवण लपवा. हा उद्यापर्यंत माझं घर खाऊन टाकील."

कुणीच हसलं नाही. तिने बहिणीच्या तोंडाकडे बघितलं आणि आपला हात स्वतःच्या तोंडावर ठेवला.

गिडियनने सामान उतरवलं, लाकडं फोडून आत रचून दिली. त्याला आणि रूबेनला मूस हरणाचं मांस आणि बॅनकची गरम भाकरी वाढली. तो खाली मान घालून जेवला, पुन्हा मागितलं नाही. रात्री दोघं डॉर्कसच्या नवऱ्याच्या सामानघरात झोपले.

सकाळी निघताना तबिथा दारापर्यंत आली. अंगावर बहिणीची शाल होती. ती त्याच्यापासून जरा लांबच उभी राहिली, पण पळून न जाण्यासाठी तिने दाराची चौकट धरली आहे, हे त्याला दिसलं.

"तुम्ही खूप केलंत माझ्यासाठी," ती म्हणाली. "ईनकच्या मागे तुम्हीच होतात. देव तुमचं भलं करो. तब्येतीला जपा."

चाळीस वर्षांत ती त्याच्याशी इतकं चांगलं कधी बोलली नव्हती. अशा बोलण्याला काय उत्तर देतात ते त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

"तुम्हीही जपा," तो म्हणाला आणि गाडीकडे चालू लागला.

परत येताना पाडलेली वाट असल्यामुळे वेळ लागला नाही. अर्ध्या वाटेवर रूबेनने थांबून थर्मास काढला.

"काका, वसंतात भेटायला जायचं का काकूंना? मी येतो सोबत."

"तू जात जा," गिडियन म्हणाला. "त्यांना रानहंस आवडतात. नेऊन देत जा."

पुढच्या पानगळीला त्याने रायफल घेतली नाही. रूबेनने राखणदारी घेतली आणि ती त्याने चांगली केली. तबिथा डॉर्कसकडेच राहिली. तिचा हात पुढे बराच सुधारला, ती बोलू लागली, कधीकधी हसायचीही, असं वरून येणारी माणसं सांगत. गिडियन ते ऐकायचा, मान हलवायचा आणि ती आणखी काय म्हणत होती ते विचारायचा. ती काय बोलली ते कुणाला शब्दशः आठवत नसे. मग तो घरी जायचा, चूल पेटवायचा आणि आपलं जेवण आपणच शिजवून, लवकर, उभ्याउभ्याच जेवून घ्यायचा.